वरच्या पत्र्यावरची गर्दी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी पदराआड हसायला नको. अंतराळात फिरून आलेली एक वस्तू मी न विचारता डब्याच्या पिशवीतून घरी आणली, पाटावर मांडली, तिच्यावर झेंडू वाहिला, तिला ओवाळलं, आणि सुट्टी संपल्यावर गुपचूप आपल्या जागी नेऊन ठेवली. एवढं करून मला वाटत होतं की धर्म आणि विज्ञान दोन्ही एकाच हाताने सांभाळणारी ठाण्यातली पहिली मुलगी मीच. अक्कल कमी असली की आत्मविश्वासाला जागा भरपूर मिळते. माझ्याकडे तेव्हा नुसती जागाच जागा होती.

झालं असं, की बी.एस्सी.चा निकाल लागून मी घरात बसले होते आणि कॉलेजातल्या आमच्या सरांना चार मुली हव्या होत्या. परदेशातलं एक यान वर जाऊन आलं होतं. त्याच्याबरोबर काचेसारख्या स्वच्छ प्लास्टिकच्या पत्र्यांची एक चळत पाठवली होती, आणि ती चळत देशोदेशींच्या लोकांनी वाटून घेतली, तेव्हा एक वाटा सरांनी भांडून ठाण्यात आणला. अवकाशातून कण सतत येत असतात. ते अशा पत्र्यात घुसले की वाटेत प्लास्टिक दुखावतं, पण वरून काही दिसत नाही. पत्रा गरम कॉस्टिकमध्ये ठेवला की दुखावलेली जागा आधी विरघळते आणि तिथे इवलासा द्रोण तयार होतो. तो द्रोण सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचा, त्याची लांबी-रुंदी मापायची आणि जागा लिहायची. द्रोणाच्या आकारावरून कण कोणता ते कळतं. काम एवढंच, पण डोळ्यांचा भुगा पाडणारं. पत्रा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत न्यायचा, मग एक ओळ खाली उतरायचं, पुन्हा उलटं यायचं. नांगर धरल्यासारखं.

त्या काळी जगभरातले शास्त्रज्ञ ज्या कोड्यामागे लागले होते, त्यातलं एक आमच्या वाट्याला आलं होतं. सर ते फार छान सांगायचे. बहुतेक कण दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटातून येतात म्हणे, भरधाव. पण काही कण मंद असतात. ते कुठून येतात? सूर्याच्या घरातले की बाहेरून आलेले? सरांचं म्हणणं, ते पाहुणे आहेत. ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतला वायू आपल्या सूर्याच्या हद्दीत शिरतो, इथे त्याला वेग मिळतो आणि तो कण होऊन फिरतो. असे मंद कण चळतीतल्या सगळ्यात वरच्या पत्र्यातच थांबायचे, खाली उतरायचा त्यांच्यात दमच नसायचा. म्हणून वरचा पत्रा म्हणजे आमचा जीव की प्राण. आणि मी घरी नेला तो नेमका वरचा पत्रा. नेताना मनात म्हटलं, देवापुढे ठेवायचं तर हलकंसलकं कशाला ठेवायचं?

आमचं घर चेंदणीच्या कोळीवाड्यात. खाडीत आता मासळी उरली नव्हती. कंपन्यांचं पाणी खाडीत आलं तसं बाबांनी होडी विकून टाकली आणि ते वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या फाटकावर बसायला लागले. आई मात्र बाजारात बसायचीच, मासळी बाहेरून घेऊन का होईना. घरात कायम काही ना काही वाळत असायचं. माळ्यावर सुके बोंबील, ओट्यावर कोलीम, अंगणात जवळा. नाक मुरडत मी कॉलेजला जायचे, आणि प्रयोगशाळेत डबा उघडला की डोंबिवलीची सुधा आधी खिडकी उघडायची आणि मग माझ्याच डब्यातला सुक्या सोड्यांचा रस्सा बोटांनी पुसून खायची. सुधाच्या घरी अंडंसुद्धा वर्ज्य. "खिडकी उघडली म्हणजे पाप बाहेर जातं," असं तिचं स्पष्टीकरण होतं.

आईला माझ्या कामाची फार गंमत वाटायची. जवळा निवडता निवडता ती शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "अगो, दिसभर त्या नळीन डोला घालून बसतंस, न् गावतं काय तुना?"

मी म्हणायचे, "खड्डे, आये."

"खड्डं? खड्डं बघाला एवरी शिकलीस? आपल्या गल्लीन ये, मी फुकाट दाखवतंय!"

शेजारणी हसायच्या. मी मान ताठ करून आत निघून जायचे. परवा माझी नात मोबाइलवर कृष्णविवराचा फोटो दाखवत होती. मी म्हटलं, "बघ, शेवटी खड्डाच." तिला कळलं नाही मी कशाला हसले ते.

हसण्याच्या आड एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होती. कल्याणहून एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, पण त्यांना सून घरात हवी होती, नळीत डोळा घालून बसणारी नको. बाबांनी सरळ सांगितलं, "दिवाळीपर्यंत तुझं काम पक्कं झालं तर मी त्यांना नाही म्हणतो. नाही झालं तर तू हो म्हणायचं." आणि सरांनी तिकडे जाहीर केलेलं, की ही खेप संपली की चौघींपैकी एकीलाच पुढे ठेवता येईल. मला ते काम हवं होतं. का हवं होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. त्या नळीत डोळा घातला की मी कोणाची मुलगी, कुठल्या आळीतली, माझ्या डब्याला वास कसला येतो, यातलं काही उरायचं नाही. जगात पहिल्यांदा कोणीतरी ती जागा बघत असायचं, आणि ते कोणीतरी मी असायचे.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याचं त्याचं हत्यार पाटावर येतं आणि दसऱ्यापर्यंत कोणी त्याला हात लावत नाही. आईची विळी यायची आणि तराजू. बाबांची जाळं विणायची सुई यायची आणि होडीवरचं घड्याळ. ते घड्याळ हा आमच्या घरातला थोरला मुलगाच. बाबा रात्री खाडीत असताना भरती-ओहोटीची वेळ त्याच्यावर बघायचे. आकड्यांना आणि काट्यांना रेडियम लावलेलं, त्यामुळे अंधारातही दिसायचं. पुढे एका वादळात वरची काच फुटली, मग रेडियमची चमकही गेली, मग घड्याळच थांबलं. आमच्या घरात वर्षानुवर्षं आठ वाजून वीस मिनिटं होती. पण बाबा दर दसऱ्याला ते पुसून पाटावर ठेवणार म्हणजे ठेवणारच.

माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं. आदल्या वर्षापर्यंत पुस्तक ठेवायचे, पण आता मी कामावर जाणारी बाई होते! सूक्ष्मदर्शक काही उचलून आणता येत नव्हता. मग प्रयोगशाळेतल्या पत्र्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती तिचा मी उपयोग केला. पत्र्याला हळदकुंकू लागू नये म्हणून तो पातळ बटर पेपरमध्ये गुंडाळला, एवढी काळजी घेतली. पाट भरलेला. पत्रा ठेवायला सपाट जागा एकच होती, उताणं ठेवलेलं बाबांचं घड्याळ. त्याच्यावर अलगद ठेवला, वर झेंडूचं फूल. आई म्हणाली, "या काय? काच?" मी म्हटलं, "आये, हे वर जाऊन आलंय." आईने लगेच हात जोडले. वर जाऊन परत आलेलं तिने आजवर काही पाहिलं नव्हतं.

दसरा उलटल्यावर पत्रा कपाटात गेला. काही दिवसांनी त्याची पाळी आली. सरांनी त्याचे लहान लहान चौकोन कापले, कारण आमची कॉस्टिकची भांडी लहान होती. मग ते भांड्यांत शिजले आणि आम्हा चौघींत वाटले गेले. माझ्या वाट्याला आलेल्या पहिल्याच चौकोनावर मी नळी लावली आणि मला घामच फुटला. द्रोणच द्रोण! एरवी दिवसभरात एखाददुसरा मिळायचा. इथे तर बाजार भरला होता.

"सुधा, इकडे ये. ये आधी!"

सुधाने डोळा लावला आणि म्हणाली, "अगं मंदे, तुझ्याकडे एवढी गर्दी! माझ्या चौकोनात शुकशुकाट आहे. ब्रह्मांडालासुद्धा तुझंच घर बरं सापडलं."

सर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं. "द्रोण लहान वाटतात," म्हणाले.

मी लगेच म्हटलं, "सर, कॉस्टिक जरा थंड राहिलं असेल."

हे मी का म्हटलं, मला कोणी विचारलं होतं का? पण गर्दी माझी होती ना, तिच्यावर कोणी बोट ठेवलेलं मला कसं चालेल! सरांनी खालच्या पत्र्यातली तीच जागा तपासायला सांगितली. खाली काही नव्हतं. म्हणजे सगळे कण वरच्याच पत्र्यात थांबलेले. म्हणजे मंद कण. म्हणजे पाहुणे! नौपाड्यातला हा कडक माणूस, ज्याला आम्ही कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्याने शिपायाला पाठवून सगळ्यांसाठी बटाटेवडे मागवले. म्हणाले, "बाई, घाई करायची नाही. आधी नकाशा काढा, कुठला कण कुठे पडलाय त्याचा. नकाशा झाला की मी परदेशात पत्र पाठवतो."

पुढचे काही दिवस मी जमिनीवर नव्हते. गल्लीतून चालताना वाटायचं, लोकांनी बाजूला व्हावं. आईला सांगितलं, "आये, माझ्या खड्ड्यांचं जगात नाव होणार." सुधाला सांगितलं, पुढे मागे व्याख्यान द्यायची वेळ आली तर कोणती साडी नेसायची तेही मी ठरवलंय. आरशासमोर उभी राहून मी एकदा इंग्रजीत आभारसुद्धा मानले, आणि मागे उभ्या असलेल्या आईने विचारलं, "कोनाशी भांडतंस?"

नकाशा काढायचं काम माझंच होतं. चौघींच्या चौकोनांतल्या जागा मी आलेखाच्या मोठ्या कागदावर एकेक ठिपका देऊन उतरवत होते. चौकोन जसे पत्र्यातून कापले होते तसेच कागदावर शेजारीशेजारी बसवायचे. दुपारची वेळ होती, बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. ठिपके भरता भरता मला दिसलं की गर्दी सगळीकडे नाही. पुंजके आहेत. पुंजक्यांच्या मध्ये सारखं अंतर आहे. पुंजके वळत वळत चाललेत. मी भराभर पुढचे चौकोन भरले. कागदावर गोल उमटला, बारा पुंजक्यांचा. आणि मध्ये दोन जाड रेघा. एक आठाकडे, एक चाराकडे.

आठ वाजून वीस मिनिटं.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि मला काय झालं असेल? रडू आलं? भोवळ? छे. मला हसू आलं. एकटी त्या रिकाम्या खोलीत तोंडात पदर कोंबून मी हसत होते. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतून पाहुणे आले होते आणि येताना आमच्या घरची वेळ घेऊन आले होते! मग हसू ओसरलं तसं पोटात खड्डा पडला, आणि हा खड्डा मोजायला नळी लागत नव्हती. टेबलावर सरांचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. फक्त नकाशाची वाट बघत होतं.

ठिपके थोडे इकडेतिकडे केले असते तर? गोल मोडला असता. कोणाला कळलं नसतं. सरांना पाहुणे मिळाले असते, मला काम मिळालं असतं, कल्याणला नकार गेला असता. नातवंडांना मी सांगते की माझा प्रामाणिकपणा जागा झाला. खोटं आहे ते. मला एवढंच सुचलं, की परदेशातले लोक काही बावळट नाहीत. त्यांच्याकडच्या वरच्या पत्र्यांवर गर्दी नसेल, आमच्याकडेच का, हे ते विचारतील, आणि तोवर सरांचं नाव त्या कागदाखाली लागलेलं असेल. माझी फजिती मी पचवली असती. सरांची मला पचली नसती.

पण नुसतं जाऊन सांगायचं कसं? मी जरा तोऱ्याचीच होते, आणि खरं सांगते, तो तोरा त्या दिवशी कामाला आला. मी ठरवलं, माफी मागायला रिकाम्या हाताने जायचं नाही. भंगाराच्या खोक्यात कोरे तुकडे पडलेले असायचे, कधीच वर न गेलेले. त्यातला एक या वेळी सरांना विचारून घेतला. "कशाला हवा?" "उद्या सांगते." घरी येऊन तो बटर पेपरमध्ये गुंडाळला आणि बाबांच्या घड्याळावर ठेवला. आईने विचारलं, "आज कनची पूजा?" म्हटलं, "आज पूजा नाही, तपास." सकाळी प्रयोगशाळा उघडल्या उघडल्या तुकडा कॉस्टिकमध्ये टाकला, धुतला, नळीखाली धरला. गर्दी! तेच लहान द्रोण, तोच बाजार. नुसत्या चेंदणीत जाऊन आलेल्या तुकड्यावर ब्रह्मांड उतरलेलं होतं.

नकाशा आणि तुकडा दोन्ही घेऊन मी सरांच्या टेबलाशी उभी राहिले आणि पाटापासून झेंडूपर्यंत सगळं सांगितलं. सरांनी नकाशा पाहिला. तुकडा पाहिला. पुन्हा नकाशा पाहिला. मग टाइप केलेलं पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू घरी जा."

मी घरी गेले. सुधा फाटकापर्यंत आली. ती नुसती माझी पिशवी धरून चालत होती. निघताना म्हणाली, "मंदे, कल्याणला माझी मावशी राहते. मी येत जाईन तुझ्याकडे." म्हणजे तिनेही लग्न लावून टाकलं होतं.

दोन दिवस मी आईबरोबर जवळा निवडत बसले. रविवारी कल्याणची माणसं येणार असं आईने शेजारी सांगून ठेवलं होतं, आणि घरात नारळ सोलून तयार होता. शनिवारी दुपारी गल्लीत स्कूटरचा आवाज आला आणि पाठोपाठ पोरं ओरडायला लागली, "मंदाताईचे सर! मंदाताईचे सर!" सर नाकाला रुमाल न लावता आत आले, याची आईने त्याच क्षणी नोंद घेतली. सुक्या बोंबलांच्या खाली ते खुर्चीवर बसले. बाबा दारात उभे, अजून कंपनीच्या खाकी कपड्यांत.

"सर, पोरीने काही मोडून-बिडून ठेवलंय का?"

"मोडलंय," सर म्हणाले. "ते घड्याळ बघायला मिळेल का?"

बाबांनी घड्याळ आणून दिलं. सरांनी ते हातरुमालावर घेतलं आणि बाबांना समजावून सांगितलं, की चमक गेली म्हणजे रेडियम मेलं असं नाही. चमकणारा रंग थकला, रेडियम तसंच आहे, पातळ कागदातून आरपार जाणारे कण सोडतंय आणि आपली पतवंडं म्हातारी होईपर्यंत सोडत राहील. काच नसलेलं हे घड्याळ घरात ठेवणं बरं नाही. "आणि मला ते हवंय. कोणता द्रोण आकाशाचा नाही, हे ओळखायला असं काहीतरी लागतंच. आता पत्र्यावरून या घड्याळाची गर्दी वजा केली की खरं काय उरतं ते बघता येईल."

बाबा घड्याळाकडे बघत राहिले. होडी गेल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. पण आई जवळ्याची परात बाजूला सारून पुढे झाली. बाजारात गिऱ्हाईक अडलं की तिच्या चेहऱ्यावर यायचा तो भाव मी ओळखला आणि जमीन दुभंगावी असं मला वाटलं.

"घड्याल पायजे, सर? नेवा की. पन घड्याल न् पोर एकाच वाट्याची हायत. वाटा तोडून नाय इकत मी."

"अगं!" बाबा म्हणाले.

सर हसले. शपथेवर सांगते, दात दिसले. "घड्याळ नसतं दिलंत तरी हिला ठेवायचं मी परवाच ठरवलं होतं," ते आईला म्हणाले. "दोन दिवस लागले ते माझा राग उतरायला."

बाबांनी मग घड्याळ जुन्या टॉवेलमध्ये बांधून सरांच्या हातात दिलं आणि शेजारच्या पोराला हाक मारून सांगितलं, कल्याणला फोन लावायचाय, वाण्याकडे फोन रिकामा आहे का बघून ये. मी स्कूटरपर्यंत गेले. मला काहीतरी मोठं, लक्षात राहील असं बोलायचं होतं, आरशासमोर बोलले होते तसं, पण "सर, सॉरी" याच्यापुढे गाडी गेली नाही. सरांनी टॉवेलचं गाठोडं डिकीत ठेवलं, डिकी लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले:

"शोध गेला त्याचं दुःख मी करतो, मला त्याची सवय आहे. तू सोमवारी लवकर ये. आणि यापुढे या प्रयोगशाळेत कोणालाही काही सापडलं, मला सापडलं तरी, ते आधी तुझ्याकडे मोडायला द्यायचं."